यादी कुणाकडे आहे?



आपल्या वेस्ट विंडसरच्या कुठल्याही मराठी पोटलकमध्ये डोळे मिटून एक खडा मारला, तर तो बहुधा संगणकवाल्यालाच लागेल. बँकांचे, औषध कंपन्यांचे, विमा कंपन्यांचे डेटाबेस रात्रंदिवस सांभाळणारी माणसे आपल्यात आहेत. प्रिन्स्टन जंक्शनहून सकाळची गाडी पकडून न्यूयॉर्कला जाणारी ही मंडळी तिकडे एक ओळसुद्धा हरवू देत नाहीत. आणि अशा गावात आपल्या मंडळाची सभासद-यादी समूळ नाहीशी झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काही जुन्या सभासदांना ही हकिगत ठाऊक आहे. नव्यांसाठी, आणि यंदा कार्यकारिणीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी तर खासच, ती पुन्हा सांगतो.

मार्च २०२० ची गोष्ट. करोनामुळे सगळे घरात बसलेले. २२ मार्चपासून भारताने परदेशी प्रवासी विमाने बंद केली आणि मुलांकडे आलेले कितीतरी आई-बाबा इथेच अडकले. आपले आई-बाबा येताना तीन-चार महिन्यांची औषधे सोबत आणतात, आणि परतीचे तिकीट त्या हिशेबानेच काढलेले असते. आम्ही ठरवले की अशा प्रत्येक घरी फोन करायचा, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात ते विचारायचे आणि आपल्यातल्या डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्यायची. दिवाळीच्या नोंदणी अर्जावर ‘भारतातून आलेले पाहुणे’ असा रकाना होताच. यादीतून तेवढी घरे काढायची, म्हणजे दहा मिनिटांचे काम!

यादी उघडायला गेलो तर संकेतस्थळच जागेवर नाही. भाड्याच्या सर्व्हरचे बिल एका माजी खजिनदारांच्या क्रेडिट कार्डावर जात होते. ते टेक्ससला गेले, कार्डाची मुदत संपली, आणि ‘पैसे भरा’ अशा सूचना मंडळाच्या एका जुन्या इ-मेलवर येत राहिल्या. तिचा पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. सवलतीची मुदत उलटली आणि सर्व्हर पुसला गेला. यात सर्व्हरवाल्यांचा दोष मुळीच नाही. चूक निखालस आमची.

पण आम्ही निश्चिंत होतो, कारण बॅकअप होता. आमच्यापैकी एकाच्या तळघरातल्या काँप्युटरवर रोज रात्री दोन वाजता यादीची प्रत उतरत असे. फोल्डर उघडला. तारीखवार, शिस्तीत लावलेल्या पाचशेहून अधिक फाइली. पाहून ऊर भरून आला. मग आकार पाहिला. प्रत्येक फाइल शून्य बाइट! दीड वर्षापूर्वी कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. बिचारा प्रोग्रॅम रोज रात्री दार ठोठावत होता, आत प्रवेश मिळत नव्हता, आणि तो रिकामी फाइल ठेवून गुपचूप निघून जात होता. त्याआधीची एक भरलेली फाइल सापडली, तर तिच्यात देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे.

शेवटी यादी कशी उभी राहिली? तर या आपल्या झेरॉक्स वार्तापत्रावरून. पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या कागदी पट्ट्यांची जुनी भेंडोळी एका काकूंनी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. त्यांवरून आणि जुन्या अंकांतल्या ‘नवे सभासद’ सदरावरून आम्ही चार दिवस फोन फिरवत होतो. तरीही एक घर सुटले. ते कुटुंब नुकतेच आले होते, कुठल्याच कागदावर नव्हते. पंधरा दिवसांनी कळले की त्या घरचे आजोबा रक्तदाबाची गोळी अर्धी-अर्धी करून पुरवत होते. ‘उगाच मुलाला त्रास नको,’ म्हणाले. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण त्या दिवसापासून बॅकअप हा शब्द आम्ही सहजपणे उच्चारत नाही.

या बाबतीत मोठेही पडतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसायला घेतला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट गेले होते. मग बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप पोस्टग्रेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने होतच नव्हता, आणि तसे कळवणारी इ-मेल वाटेतच नाकारली जात होती. कुणीतरी चाचणीसाठी सहा तास आधी एक प्रत काढली होती, तिने लाज राखली. सहा तासांचे काम मात्र गेले. त्या मंडळींनी सारे काही जाहीरपणे लिहून ठेवले, याबद्दल आम्हांला त्यांचे कौतुक वाटते.

तेव्हा पहिली गोष्ट: उतरवून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणू नये. आम्ही आता वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, एका कोऱ्या काँप्युटरवर आदल्या रात्रीची फाइल उतरवतो आणि तीन प्रश्न विचारतो. कुटुंबे किती? शेवटची नोंद कोणत्या तारखेची? ‘गोऱ्हे’ आणि ‘कऱ्हाडे’ नीट वाचता येतात का? तीन उत्तरे बरोबर आली की मगच श्रीखंड. शिवाय फाइल अमुक आकाराहून लहान निघाली तर दोघांना इ-मेल जाते. त्याहून महत्त्वाचे, बॅकअप नीट झाला तरीही आठवड्याला एक इ-मेल येते, म्हणजे ती आली नाही की आम्ही जागे होतो. प्रती तीन, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर. गावाबाहेर का, ते ज्यांनी २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळानंतर अंधारात दिवस काढले किंवा १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडाच्या पावसात तळघरातले पाणी उपसले, त्यांना सांगायला नको. बाहेरची प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असावी. तिच्यात आपल्या मुलाबाळांचे पत्ते आहेत.

आता प्रश्नचिन्हांबद्दल. आमचा जुना डेटाबेस मायएसक्यूएलचा. २०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपूर्वी तो मुळात लॅटिन अक्षरे धरून चाले. वेगळे सांगितले नाही तर देवनागरी अक्षर दिसताच तो प्रश्नचिन्ह टाकी. ही प्रश्नचिन्हे गेली ती गेली, त्यांतून नाव परत मिळत नाही. याउलट मराठीच्या जागी रोमन ‘ए’वर तिरकी रेघ आणि पुढे चित्रविचित्र चिन्हे अशी रांग दिसली तर घाबरू नका. अक्षरे बहुधा शाबूत असतात, फक्त चुकीच्या चष्म्यातून दिसत असतात. उपाय सोपा आहे. डेटाबेस, तक्ता आणि जोडणी, तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ठेवा. नुसते ‘यूटीएफ-८’ मायएसक्यूएलमध्ये तीन बाइटांपर्यंतच जाते. आपले देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसते, पण कुणी नावापुढे हसरा चेहरा टाकला की तो चार बाइट मागतो आणि अर्ज अडकतो. पोस्टग्रेस घेतल्यास ही डोकेदुखी कमी.

आणखी एक मौज. ‘गोऱ्हे’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला मात्र दोन निराळी नावे. फोन करताना एक गोऱ्हे सापडतात, दुसरे नाही. म्हणून आम्ही देवनागरीशेजारी रोमन स्पेलिंगचाही रकाना ठेवतो आणि शोध त्यावर घेतो. ‘शिवाजी’ किंवा ‘श्री-लिपी’च्या जुन्या फाँटांतले मजकूर ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते आताच युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. ते फाँट नसले की उरते ती अगम्य चिन्हांची खिचडी.

पिनकोडचेही तसेच. आपला ०८५५०. एक्सेलमध्ये यादी उघडली की तो त्याला संख्या समजतो आणि पुढचे शून्य खाऊन ८५५० करतो. एका वर्षी आमची दिवाळीची निमंत्रणे अशी चार आकडी गेली. पिनकोड आणि फोन नंबर यांची बेरीज आपण कधी करत नाही, तेव्हा ते मजकूर म्हणूनच साठवावेत.

तक्ते दोन: एक कुटुंबाचा, एक माणसांचा. पूर्वी आम्ही ‘श्री. व सौ.’ असा एकच रकाना ठेवला होता, आणि तो चुकीचा निघाला. सौभाग्यवतींचे आडनाव वेगळे असते, मुले कॉलेजला जातात, आजी सहा महिने इथे तर सहा महिने पुण्यात. पाहुण्यांपुढे आल्याची आणि जाण्याची तारीख हवीच. २०२० मध्ये आम्हांला हव्या होत्या त्या याच दोन तारखा.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाटकात मंगळावरचे लोक उतरले ते आपल्याच ग्रोव्हर्स मिलला. पुष्कळांची कल्पना असते की हॅकर असेच गाजावाजा करत येतात. प्रत्यक्षात भाड्याचा सर्व्हर सुरू झाल्यापासून काही मिनिटांतच कुठली तरी यंत्रे त्याची दारे चाचपू लागतात. पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने प्रवेश, सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप, आणि डेटाबेसचे दार, मग ते ३३०६ असो वा ५४३२, बाहेरच्या जगाला बंद. २०१७ च्या जानेवारीत पासवर्डविना उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली होती.

मुळात सर्व्हर हवाच का, हे आधी विचारा. दीडदोनशे कुटुंबांना एक सामायिक तक्ता पुरतो. आमच्या एका हायस्कूलमधल्या मुलाने उत्साहाने ॲप करून दिले, छानच होते. मग तो कॉलेजला गेला. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर कुणी भरायचे आणि गूगलच्या दरवर्षीच्या नव्या अटींप्रमाणे दुरुस्ती कुणी करायची? दोन वर्षांत ते बंद पडले. मुलांनी अवश्य शिकावे, पण मंडळाचा कारभार त्यांच्या सुट्ट्यांवर टांगू नये. नोंदणीला साधे वेबपान बरे.

संकेतस्थळाचे नाव, सर्व्हर आणि इ-मेल मंडळाच्या नावे, पैसे मंडळाच्या खात्यातून, आणि किल्ल्या कमीत कमी दोन घरांत. नवी कार्यकारिणी सूत्रे घेताना हिशेबाच्या वहीबरोबर या किल्ल्यांवरही सह्या होतात. आम्ही हे घटनेत घातले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘एवढे कशाला?’ असे विचारले. त्यांना ती रिकामी फाइल दाखवली.

सोबत यंदाचा नोंदणी अर्ज जोडला आहे. नाव देवनागरीत सुवाच्य अक्षरांत लिहावे. घरी आई-बाबा आले असल्यास तो रकाना कृपया रिकामा सोडू नये, आणि त्यांची औषधे किती दिवस पुरतील तेही लिहावे. ही माहिती फक्त दोघांना दिसते आणि ते परत गेले की खोडली जाते. पत्त्यांच्या पट्ट्यांचे भेंडोळे अजूनही त्याच काकूंच्या ड्रॉवरमध्ये असते.