राक्षसाचा मुखवटा आणि आमचे बालपण

राक्षस कोण, हा प्रश्न मुलाला पडत नाही. त्याचे उत्तर त्याला आधीच दिलेले असते. गोष्टीतून, चित्रातून, शाळेच्या नाटकातून ते त्याच्यापर्यंत पोहोचते. परंतु ज्या मुलाला भोवतालच्या समाजाने अगोदरच राक्षसाच्या रांगेत उभे केले आहे, त्याचे राक्षसाशी असलेले नाते निराळे असते. इतर मुले जेथे भितात, तेथे त्याला ओळखीचे कोणी तरी भेटते. चित्रकथा हा पोरखेळ, असे म्हणून सोडून देण्याजोगा हा विषय नाही.

अनुभवापासून आरंभ करतो. 1990 च्या दशकात परभणी जिल्ह्यातील ज्या शाळेत मी शिकलो, तेथे गॅदरिंगला दरवर्षी पौराणिक नाटक होई. राम, कृष्ण, वामन ठरलेल्या घरांतून येत. राक्षस मात्र आमच्या वस्तीतून. एका वर्षी तोंडाला काजळी फासून घेण्यासाठी मी रांगेत उभा होतो. गुरुजी म्हणाले, "याला कशाला पाहिजे काजळी?" सगळे हसले. मीही हसलो. इतरांचे हसणे मी विसरलो. माझे स्वतःचे हसणे अजून विसरता आलेले नाही.

त्याच काळात बाजारातल्या एका दुकानात हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळत. परभणीच्या पोराला हिंदी परकी नसते. गल्लीतली दखनी त्याच्या कानात असते. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये नागराज आणला आणि 1990 च्या दशकात डोगा. नागराजच्या श्वासात विष, अंगात साप; दहशतवाद्यांना विकण्यासाठी एका शास्त्रज्ञाने त्याला हत्यार म्हणून घडविलेले. डोगा त्याहून जवळचा. कचऱ्यात टाकलेले तान्हे पोर एका डाकूच्या हाती लागते. तो त्याला कुत्र्यासारखे वागवितो. पुढे तेच पोर मुंबईत कुत्र्याचा मुखवटा चढवून गुन्हेगारांना ठार करीत फिरते. रस्त्यावरची कुत्री त्याची फौज. ना कुळ, ना गोत्र, ना देवाचे वरदान. भाड्याचे पुस्तक परत करण्यापूर्वी मी ते दोनदा वाची आणि तिसऱ्यांदा नुसती चित्रे पाही.

या भेसूर नायकांत दिलासा कशाचा होता? ताकदीचा, हे उत्तर अपुरे आहे. ताकद देवांकडेही होती. फरक कारणाचा होता. आम्हांला नाटकात भेटणारा राक्षस जन्मतःच राक्षस असे. त्याला बालपण नसे. तो असा का, हे कोणी विचारीत नसे; ते त्याच्या कुळातच आहे, असे गृहीत धरलेले असे. डोगाचे भेसूरपण मात्र घडविलेले आहे. त्याला कोणी टाकले, कोणी छळले, हे चौकटीमागून चौकटीत दिसते. माणूस आधी येतो, मुखवटा नंतर. आणि तो मुखवटा त्याने स्वतः निवडलेला आहे. जी शिवी आपल्याला रोज दिली गेली, तिचेच तोंड करून ते चढवावे, यातील धिटाई दहा वर्षांच्या मुलाला सांगता येत नव्हती. कळत मात्र होती. 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून एका हिंस्र जनावराचे नाव घेतले, त्यामागेही हीच धिटाई होती.

याउलट 1967 मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथेतील असुर बहुधा काळे, सुळे बाहेर आलेले; देव उजळ आणि सुडौल. गंमत अशी, की नागराजचे सुरुवातीचे अंक चितारणारे पुण्याचे प्रताप मुळीक हे अमर चित्र कथेचेही नामांकित चित्रकार होते. म्हणजे दोष कुंचल्याचा नव्हता. कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते, याचा होता.

हे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच 'गुलामगिरी'त सांगून ठेवले आहे. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, या भूमीचे राखणदार, असा अर्थ त्यांनी लावला. बळीला त्यांनी राजा म्हटले, म्हसोबाला त्याच्या राज्यातला महासुभा. व्युत्पत्तीबद्दल पंडितांनी खुशाल वाद घालावा. फुल्यांनी विचारलेला प्रश्न त्याहून मोठा आहे : ज्याने हरविले त्यानेच हरलेल्याचे चित्र काढले असेल, तर त्या चित्रावर विश्वास का ठेवावा? भाड्याच्या कॉमिक्समध्ये मी चाचपडत जे शोधीत होतो, ते मला कॉलेजात या पुस्तकात इतिहास म्हणून भेटले.

परंतु मुखवट्याच्या दिलाशाला मर्यादा आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार आणि मग धरपकड. अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या आठवड्यात, माझ्याकडचा कॉमिक्सचा जुना गठ्ठा वाचणारा शेजारचा मुलगा मला म्हणाला, "सर, डोगा पाहिजे होता."

मला लगेच उत्तर सुचले नाही. आज ते असे देईन. डोगा खटला चालवीत नाही, पुरावा मागत नाही. असा नायक चित्रात सर्वांनाच आवडतो. पण खटल्याविना शिक्षा ही गोष्ट चित्रातून रस्त्यावर उतरते, तेव्हा ती आधी कोणाच्या वस्तीत शिरते? शिवाय डोगा एकटा आहे. त्याच्यामागे मोर्चा नाही, संघटना नाही, सभा नाही. सोमनाथच्या आईने मुखवटा घातला नाही. त्या स्वतःच्या नावाने न्यायालयात गेल्या. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्याय अजून दूर असेल. पण ही वाट उघड्या चेहऱ्याची आहे आणि तिच्यावर इतरांनाही चालता येते.

म्हणून मुलांच्या हातून डोगा हिसकावून घेऊ नये. त्याच्या शेजारी आणखी काही ठेवावे. 2011 मध्ये 'भीमायन' ही बाबासाहेबांच्या जीवनावरील चित्रकथा आली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ती चितारली. तिच्यात विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढली आहे. ज्याला बोलले जाते त्याचा चेहरा भेसूर नाही. भेसूर आहे ते बोलणे. ती पाने पाहताना मला गॅदरिंगची रांग आठवली आणि गुरुजींचे ते वाक्य नांगीसकट दिसले. आमच्या मुलांना हे वेळेवर दिसले पाहिजे. दहाव्या वर्षी, काजळीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी.