तळपायावरचा तीळ

तळहातावर तीळ म्हणजे पैसा, तळपायावर म्हणजे प्रवास, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. अंगावरचे बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवीच राहतात. क्वचित मात्र जुन्या तिळात, किंवा नव्याने उठलेल्या काळ्या डागाच्या रूपाने, ‘मेलॅनोमा’ हा कातडीचा कर्करोग सुरू होतो.

गोऱ्या लोकांत याचे मुख्य कारण ऊन. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते, म्हणून हा रोग आपल्याकडे कमी. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणजे आपण जिथे पाहतच नाही तिथे. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले १९८१ साली अवघ्या ३६व्या वर्षी याच रोगाने गेले. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती.

पुढील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवा :

* तिळाचे दोन अर्धे सारखे नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे
* एकाच तिळात काळ्या, तपकिरी, लाल छटा
* आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा
* तीळ वाढणे, खाजणे, त्यातून रक्त येणे
* एकाच नखात नवी काळी रेघ उमटून रुंद होत जाणे

चुना-सोडा लावून तीळ जाळू नका. ‘कापले की कॅन्सर पसरतो’ ही समजूतही चुकीची आहे. वेळेत काढलेला मेलॅनोमा बहुधा पूर्ण बरा होतो. जांघेत गाठ येईपर्यंत थांबल्यास उपचार अवघड होतात.

हुपरीत चांदीच्या भट्टीवर भाजणे नवे नाही. भाजल्याचा जुना व्रण पुन्हा चिघळून भरेनासा झाला, तर तिथे दुसऱ्या प्रकारचा कर्करोग असू शकतो. सततच्या घर्षणानेही असे घडते. घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच केली होती. परकराची नाडी काचत असेल तर माताभगिनींनी ती सैल, रुंद पट्ट्याची वापरावी.

शिवारात दुपारी टोपी, पदर, पूर्ण बाह्यांचा सदरा असावाच. जन्मतः कातडी व केस पांढरे असणाऱ्यांनी तर उन्हाला फार जपावे.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या व नखे उजेडात पाहा. वृद्धांचे घरच्यांनी पाहावे. शंका आल्यास कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.