पायाचे ऑपरेशन, संध्याकाळी घरी

शेतात मोडलेला बाभळीचा काटा, जुने कुरूप, खाणीतल्या गमबुटाने मांसात रुतवलेले अंगठ्याचे नख. वणी परिसरात पावलाची ऑपरेशने बहुतेक अशीच असतात. सकाळी भरती, संध्याकाळी सुट्टी. ऑपरेशन लहान असले तरी त्याभोवतीचे गैरसमज मोठे आहेत.

'उपाशी या' म्हटले की कोणी आदल्या रात्रीपासून पाणीही तोंडाला लावत नाही, तर कोणी घोटभर चहा घेऊनच येतो. दोन्ही चूक. भूल द्यायची असल्यास सहसा जेवण 6 तास आधी थांबवतात, साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र जेवणातच धरतात. नुसती जागा बधिर करायची असेल तर अनेकदा उपाशी राहावेही लागत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेऊन उपाशी राहिले तर साखर धोकादायक उतरू शकते. म्हणून त्या सकाळी काय घ्यायचे, हे आदल्या दिवशीच विचारा. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करू नका.

जोडवी काढायला बायका कचरतात. पण पाय सुजला की तीच बोटात रुतून रक्तपुरवठा अडवतात. नेलपॉलिशही पुसा, नखाचा रंग डॉक्टरांना दिसायला हवा.

भूल म्हणजे बेशुद्धीच, असे नाही. घोट्याभोवती इंजेक्शने देऊन फक्त पाऊल बधिर करता येते. सुई टोचते, नंतर ओढाताण जाणवते, पण दुखत नाही. हा बधिरपणा काही तास टिकतो आणि खरा घोटाळा तिथेच होतो. 'दुखतच नाही' म्हणत माणूस चालू लागतो, रात्री भूल उतरली की कळवळतो. गोळी दुखायला लागण्याआधीच, सांगितलेल्या वेळी घ्यावी. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवावा. खाली लोंबकळता पाय ठणकतो, सुजतो. नागपूरला ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी एसटीने वणीला येण्याचा हट्ट म्हणूनच नको. एक रात्र तिथल्या नातेवाइकांकडे काढावी. मोटारसायकल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाहीच.

विम्यासाठी 24 तास भरती लागतेच, हेही खरे नाही. डे-केअर शस्त्रक्रिया पॉलिसीत असतात, पण ओपीडीतले किरकोळ काम सहसा बसत नाही. आधी विचारून घ्या.

वांगे, लिंबू, भाताने पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो. जखमेवर हळद भरू नका, पट्टी कोरडी ठेवा. बोटे निळी किंवा गार पडली, ताप आला, पट्टी रक्ताने भिजत राहिली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.