‘पैसे आले की पाठवतो’ : आले, की यायचेत?

आजचा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, तर आधी हे वाक्य मनात वाचा : पैसे आले की पाठवतो.

बहुतेकांनी अर्थ लावला असेल, की पैसे अजून यायचेत, आल्यावर पाठवीन. आता आपल्या नगरी ठेक्यात ‘की’वर जरा जोर देऊन थांबा. ‘पैसे आले की! पाठवतो.’ आता पैसे खात्यात आहेत, आणि बोलणारा थोडा वैतागलाय. शब्द तेच, क्रम तोच. घोडेगावला कांदा घालून पट्टीच्या पैशांची वाट बघणाऱ्याला आडत्याकडून असा मेसेज आला, तर त्याने खतवाल्याला आज ‘या’ म्हणायचं की आठवड्याने?

माझं काम कोड लिहिण्याचं. या पॉडकास्टचा मजकूर आधी मशीन उतरवतं, मग मी तपासतो. मशीन शब्द बरे पकडतं, पण तो ‘की’नंतरचा थांबा खाऊन टाकतं. म्हणून मी प्रत्येक ‘की’ परत ऐकतो. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

घोळ मुळात होतो कुठे? ‘तो उद्या आला की सांगतो’ यात ‘आला’ दिसायला भूतकाळ, पण घटना उद्याची. मराठीत ‘की’च्या आधी असं रूप आलं की ते ‘घडून गेलं’ असं सांगत नाही, ‘हे झाल्यावर ते’ असं सांगतं. ‘पाऊस आला की लाईट जाते’ हे तर कायमचंच. एमपीएससीवाले याला संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ करतात. ‘तो म्हणाला की...’ मधला स्वरूपबोधक, ‘चहा की कॉफी’ मधला विकल्पबोधक. पाठ करायला ठीक आहे, पण ‘ये की!’, ‘बस की!’, ‘दिलं की!’ हे आपण दिवसभर बोलतो आणि ते दोन वाक्यं जोडतच नाही. तिथे ‘की’ म्हणजे आग्रह किंवा ‘तुला एवढंही दिसत नाही का’.

ओळखायची माझी युक्ती साधी आहे. ‘की’च्या जागी ‘ना’ घालून बघा. ‘ये ना’ चाललं, म्हणजे आग्रहाचा ‘की’. ‘आल्यावर’ घालून चाललं, तर अटीचा. दोन्ही चालले, तर फोन करा.

‘किंवा’शी मात्र त्याची गल्लत करू नका. ‘चहा किंवा कॉफी घेणार?’ याला ‘हो’ हे उत्तर चालतं. ‘चहा की कॉफी?’ याला ‘हो’ म्हणणारा एक तर प्रोग्रामर असतो किंवा आगाऊ. आणि ‘एक फोन नाही की मेसेज नाही’ यात निवड नाहीच, तक्रार आहे. ‘हरवला की काय?’ मध्ये धास्ती. हे कुठल्या तक्त्यात बसवायचं ते तुम्हीच बघा.

हा शब्द आला कुठून? ‘म्हणाला की’ मधल्या ‘की’साठी बहुतेक अभ्यासक फारसीकडे बोट दाखवतात. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही सुरू केली, तेव्हापासून तर फारसी आपल्या दारातच होती. पण पर्यायाचा ‘कीं’ ज्ञानेश्वरीतही आहे, आणि ती परंपरेने शके 1212 म्हणजे 1290 ची, आपल्याच नेवाशातली. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एका उच्चारात मिसळले असावेत, असं मला वाटतं. ‘येतो म्हणून सांगितलं’ ही ‘की’शिवायची सोय तर आपल्याकडे आहेच. कन्नड, तेलुगूतही ‘म्हणणे’ या क्रियापदापासून बनलेला शब्द हेच काम करतो.

लिहिताना ‘की’ दीर्घच. ऱ्हस्व ‘कि’ हिंदीतला, तो कीबोर्डच्या सूचनांमधून घुसतो. मराठीत एकाक्षरी शब्दाचा शेवटचा स्वर दीर्घ लिहितात, ‘नि’ अपवाद.

आणि पैशांचा मेसेज टाकताना ‘की’ टाळलेलाच बरा. ‘पैसे आल्यावर पाठवतो’ किंवा ‘पैसे आलेत, पाठवतो’. दोन अक्षरं जास्त टाइप होतील, पण समोरचा खतवाल्याला बरोबर दिवस सांगेल.