ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपरमधील ईगर लोडिंग व आउटर जॉईन : एक विवेचन

प्रस्तावना : 1970 मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानानुसार माहिती तक्त्यांत साठवली जाते, आजचे बहुतांश प्रोग्रॅम मात्र ऑब्जेक्टच्या रूपात विचार करतात. या दोहोंतील दुवा म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर. 2001 मधील हायबरनेट व 2006 मधील एसक्यूएलअल्केमी ही त्याची परिचित उदाहरणे होत. एसक्यूएल मॅपरच रचत असल्याने त्यातील चूक सहसा नजरेस येत नाही. प्रस्तुत लेखात अशा तीन चुकांचे विवेचन केले आहे.

उदाहरण : कसबा बावडा येथे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याही सहकारी कारखान्यासाठी ‘सभासद’ आणि उसाच्या ‘खेपा’ असे दोन तक्ते कल्पिता येतील. 1000 सभासद एका क्वेरीने आणून प्रत्येकाच्या खेपा स्वतंत्रपणे मागविल्यास 1001 क्वेरी होतात. दोन्ही तक्ते जोडून सर्व माहिती एकदम आणणे हा यावरील उपाय. यालाच ईगर लोडिंग म्हणतात.

चुका व दुरुस्ती : पहिली चूक जोडणीच्या प्रकाराची. इनर जॉईन वापरल्यास एकही खेप न घातलेला सभासद यादीतून गळतो. हायबरनेटमध्ये नुसते ‘जॉईन फेच’ लिहिल्यास हेच घडते. तेथे ‘लेफ्ट जॉईन फेच’ हवे.

दुसरी चूक अटीच्या जागेची. लेफ्ट आउटर जॉईन करूनही हंगामाची अट ‘व्हेअर’मध्ये घातल्यास, खेप नसलेल्या ओळीत हंगाम ‘नल’ असल्याने ती ओळ वगळली जाते. ही अट ‘ऑन’मध्ये असावी.

तिसरी चूक मर्यादेची. 12 खेपांच्या सभासदाच्या 12 ओळी होतात. म्हणून ‘लिमिट 50’ थेट लावल्यास 50 सभासद नव्हे, तर 50 ओळी मिळतात. आधी उपक्वेरीत 50 सभासद निवडून मग खेपा जोडाव्यात. एसक्यूएलअल्केमीचे ‘जॉईन्डलोड’ हेच करते.

निष्कर्ष : या चुकांत प्रोग्रॅम बंद पडत नाही, यादी येते, फक्त काही नावे नसतात. ज्याने या हंगामात ऊस घातला नाही, तोही सभासदच असतो. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या माहितीत शून्य खेपांचा एक सभासद आवर्जून ठेवावा, मॅपरने रचलेले एसक्यूएल विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावे आणि यादीतील संख्या मूळ तक्त्याशी ताडून पाहावी.