कुंभ्याच्या नावातला पाद्री
(सह्याद्रीतली झाडं, नावांतली माणसं : भाग ९)

शाहूवाडी तालुक्यात मलकापूर मागे टाकून आंबा घाटाकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुंभा दिसू लागतो. गेल्या आठवड्यात पाहिलेल्या हिरड्याचा हा शेजारी. मोठी पानं फांद्यांच्या टोकाशी गोळा झालेली असतात आणि गळण्याआधी ती तांबडी होतात. मार्च-एप्रिलात फुलं येतात. ती रात्री उमलतात आणि सकाळपर्यंत त्यांचे पांढरे-गुलाबी पुंकेसर झाडाखाली पसरलेले असतात. साल चिवट, धाग्यांची. तिचे दोर वळत, तोड्याच्या बंदुकीला लागणारा तोडाही करत. विशाळगड-पन्हाळ्याच्या मुलखात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फुलांचे वाळवलेले निदलपुंज ‘वाकुंभा’ म्हणून बाजारात येतात आणि बाळंतिणीच्या काढ्यात पडतात.

वनस्पतिशास्त्रात या झाडाचं नाव कॅरेया अर्बोरिया. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या एका मित्राच्या नावावरून ते ठेवलं. तो मित्र होता विल्यम कॅरे : मूळचा चांभारकाम करणारा, पुढे बॅप्टिस्ट पाद्री, आणि सात मुलांचा बाप. तो महाराष्ट्रात कधीच आला नाही. तरीही देवनागरी खिळ्यांनी मराठी छापण्याची सुरुवात त्याच्याच हातून झाली. आजचा भाग झाडापेक्षा या माणसावर आणि त्याच्या घरावर जास्त आहे, कारण कॅरेंची थोरवी सांगताना त्यांचं घर वगळायची आपल्याला सवय लागली आहे. ती सवय मला मान्य नाही.

आधी बॅप्टिस्ट म्हणजे कोण, ते पाहू. कोल्हापूरकरांना मिशनरी म्हटलं की १८५२ साली इथे आलेले रॉयल वाइल्डर आठवतात. पण त्यांचं काम प्रेस्बिटेरियन परंपरेशी जोडलेलं. त्या परंपरेत तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्टांना ते मान्य नाही. माणसानं जाणत्या वयात स्वतः विश्वास ठेवावा आणि मग पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं ते मानतात. त्यांच्यात प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते आणि त्याचा खर्चही बहुधा तीच भागवते. त्यामुळे गरीब मंडळीचा पाळक गरीबच राहायचा. इंग्लंडच्या सरकारी चर्चबाहेरच्या या लोकांना तेव्हा विद्यापीठाची दारंही बंद होती.

कॅरेंचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावातला. वडील विणकर, नंतर गावच्या शाळेचे मास्तर. मुलगा जोडे शिवण्याच्या कामाला लागला. जून १७८१ मध्ये, वयाची वीस वर्षंही पुरी नसताना, त्यानं डोरोथी प्लॅकेटशी लग्न केलं. डोरोथीला लिहिता-वाचता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत तिनं सहीच्या जागी फुली केली. १७८३ मध्ये नेन नदीत कॅरेंचा बाप्तिस्मा झाला. १७८५ पासून ते मोल्टनच्या छोट्या मंडळीचे पाळक झाले, १७८९ मध्ये लेस्टरला गेले. मंडळीकडून मिळायचं ते पुरत नसे, म्हणून शाळा घ्यायची, जोडे शिवायचे आणि मधल्या वेळात लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकायचं. या काळात दोन लहान मुली गेल्या. एवढ्या ओढग्रस्तीतही नवऱ्यानं पुस्तकं सोडली नाहीत आणि बायकोनं संसार.

१७९२ मध्ये कॅरेंनी एक छोटं पुस्तक छापलं. जगभर सुवार्ता सांगणं हे आजच्या ख्रिस्ती माणसाचंही कर्तव्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात देशोदेशीची लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते होते. जोडे शिवणाऱ्याच्या हातून असं काम झालेलं पाहून आजही आदर वाटतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. जमलेल्या माणसांनी मिळून १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स देऊ केले. बंगालमध्ये जायचं ठरलं.

डोरोथीनं नकार दिला. ती गरोदर होती, आपल्या गावापासून लांब कधी गेली नव्हती, आणि पदरी तीन मुलं होती. कॅरे थोरल्या फेलिक्सला घेऊन निघालेच. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून कप्तानानं त्यांना जहाजावरून उतरवलं. तेवढ्या काळात डोरोथी बाळंत झाली होती. सोबती जॉन थॉमस यांनी पुन्हा तिच्याकडे जाऊन गळ घातली : आली नाहीस तर कुटुंब कायमचं तुटेल. बहीण कॅथरीन बरोबर येत असेल तर मी येते, एवढी एक अट घालून ती तयार झाली. घरचं सामान घाईघाईत बांधलं किंवा विकलं. १३ जून १७९३ ला डॅनिश जहाज निघालं तेव्हा तिच्या कुशीत महिन्याभराचा जेबेझ होता. या संमतीला संमती म्हणावं का, हा प्रश्न मला सुटलेला नाही. कॅरेंच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. पण त्या श्रद्धेची किंमत पहिल्यांदा मोजली ती एका बाळंतिणीनं.

बंगालमध्ये पहिली वर्षं भयंकर गेली. पैसे संपले, कुटुंब सुंदरबनाच्या कडेला राहिलं, मग कॅरेंना मदनाबाटीला नीळ कारखान्याची नोकरी मिळाली. ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर अतिसारानं गेला. परक्या धर्माच्या मुलाचं प्रेत उचलायला आणि खड्डा खणायला माणसं मिळेनात. कॅरे स्वतः तापानं खिळलेले. त्यानंतर डोरोथीचं मन ढासळत गेलं. नवरा आपल्याशी प्रतारणा करतो, या भ्रमानं तिला घेरलं. ती त्यांच्या मागे धावायची, आरडाओरडा करायची, कधी अंगावर यायची. आज डॉक्टर या आजाराला नाव देतील, उपचार करतील. तेव्हा वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असा सल्ला मिळे. तिथल्या वागणुकीची कल्पना असल्यामुळे कॅरेंनी तिला घरातच ठेवलं. बारा वर्षं.

ही बारा वर्षं मराठीच्या इतिहासातही मोजावी लागतात. १० जानेवारी १८०० ला कॅरे श्रीरामपूरला आले. आपल्या नगरकडचं नव्हे, हे हुगळीकाठचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातलं. कंपनीला मिशनरी नको होते, डॅनिश गव्हर्नरानं आसरा दिला. तिथे जोशुआ आणि हॅना मार्शमन, छपाई जाणणारे विल्यम वॉर्ड आणि कॅरे यांनी एकत्र कुटुंबासारखा संसार थाटला : एक स्वयंपाकघर, एक तिजोरी, जो कमावेल त्याची कमाई सगळ्यांची. कॅरेंच्या मुलांकडे बघायला तोवर कोणी नव्हतं. आई आजारी, बाप भाषांतरात. हॅना मार्शमन आणि वॉर्ड यांनी त्यांना वळण लावलं. हॅनाबाईंचं नाव कॅरेंच्या चरित्रांत ओझरतं येतं. माझ्या मते त्या घराचा कणा त्याच होत्या.

२८ डिसेंबर १८०० चा दिवस त्या घराचं सगळं चित्र दाखवतो. हुगळीच्या घाटावर कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा होता. त्याचा निखळलेला खांदा जॉन थॉमस यांनीच बसवून दिला होता. त्याच्याबरोबर पंधरा वर्षांचा फेलिक्सही पाण्यात उतरला. सात वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि त्याच वेळी आवारात एका बाजूला हर्षातिरेकानं भान हरपलेले थॉमस कोंडलेले होते, दुसऱ्या बाजूच्या खोलीत डोरोथी. दोघांचा आक्रोश ऐकू येत होता. कॅरे मुलाला आणि कृष्णाला घेऊन नदीत उतरले आणि बाप्तिस्म्याचा विधी त्यांनी पार पाडला.

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला आणि त्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरेंना बंगाली-संस्कृत शिकवण्याची नेमणूक मिळाली. पगार महिना पाचशे रुपये. पुढे तो हजारावर गेला. थोड्याच वर्षांत मराठीही त्यांच्याकडे आली. आठवड्यातले काही दिवस ते नावेनं कलकत्त्याला जात, शिकवत, उरलेले दिवस श्रीरामपुरात प्रुफं तपासत. रविवारी उपदेश ठरलेला. पाळकपण त्यांनी कधी सोडलं नाही. कलकत्त्याच्या लाल बाजारातलं प्रार्थनामंदिर १८०९ मध्ये उघडलं, तिथेही ते उपदेश करत.

मराठी त्यांना शिकवली कॉलेजातले पंडित वैजनाथ शर्मा यांनी. ते नागपूरकडचे. १८०५ मध्ये कॅरेंचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघालं, मत्तयकृत शुभवर्तमानही त्याच वर्षी. याआधी रोममध्ये १७७८ साली मराठीचं एक पोर्तुगीज व्याकरण छापलं गेलं होतं, हे इथे नोंदवायला हवं. आणि एक योग असा, की त्याच १८०५ मध्ये कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली. खिळे मात्र श्रीरामपूरचे. ते पाडण्याचं कसब पंचानन कर्मकार या बंगाली लोहाराचं होतं. त्यांच्यानंतर जावई मनोहर यांनी ते काम पुढे नेलं. मोडीचेही खिळे तयार झाले आणि १८१० मध्ये कॅरेंचा मराठी-इंग्रजी कोश मोडीत छापला गेला. मग वैजनाथांच्या हातची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आली.

या मराठीवर टीकाही झाली आणि ती रास्त होती. कॅरे जिथे बसले होते तिथे मराठी कानावर पडत नव्हती. भाषा एका पंडिताच्या तोंडून आलेली, नागपुरी वळणाची. मुंबईतल्या अमेरिकन मिशनरींनी बायबलचं भाषांतर नव्यानं केलं, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला आणि कॅरेंचा मागे पडला. पण पायवाट पाडणाऱ्याचं श्रेय पुढच्या हमरस्त्यामुळे कमी होत नाही. शिवाय हे लक्षात घ्या, की १८०५ चं ते व्याकरण ज्या घरात सिद्ध झालं, त्याच घरात डोरोथी होती. शब्दांची रूपं लिहिणाऱ्या माणसाच्या कानावर बाजूच्या खोलीतला आवाज रोज पडत होता. ८ डिसेंबर १८०७ ला ती गेली.

पाच महिन्यांनी कॅरेंनी शार्लट रुमोर यांच्याशी लग्न केलं. घाईबद्दल सहकाऱ्यांत कुजबुज झाली. शार्लट डेन्मार्कच्या राज्यातल्या खानदानी घराण्यातल्या, प्रकृतीनं अधू, पण बहुभाषी आणि वाचनाची आवड असलेल्या. नवऱ्याच्या भाषांतरांत त्या मनापासून रस घेत. तेरा वर्षांचा हा संसार सुखाचा झाला. १८२१ मध्ये शार्लटही गेल्या. पुढच्या वर्षी कॅरेंनी ग्रेस ह्यूजशी लग्न केलं. त्या शेवटपर्यंत सोबत राहिल्या.

मुलांपैकी फेलिक्सनं बापाला सर्वांत जास्त आनंद दिला आणि सर्वांत जास्त दुःखही. तो ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. १८१४ मध्ये इरावतीत नाव उलटून त्याची बायको आणि मुलं बुडाली. मग तो ब्रह्मी राजाचा वकील झाला, थाटामाटात कलकत्त्याला आला, कर्जात बुडाला, काही वर्षं भरकटला. बापाला ही पदवी म्हणजे अधोगती वाटली. तरी १८१८ मध्ये तो परतला तेव्हा घरानं त्याला पुन्हा जवळ केलं. शरीरशास्त्रावर त्यानं बंगालीत ग्रंथ लिहिला. १८२२ मध्ये तोही गेला, बापाच्या बारा वर्षं आधी.

एवढं सगळं सोसणारा माणूस विसावायचा कुठे? बागेत. श्रीरामपुरात त्यांनी मोठी बाग केली होती आणि देशोदेशीच्या मित्रांकडून ते बी-बियाणं मागवत. इंग्लंडहून आलेली बियांची पिशवी एकदा त्यांनी सावलीत झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून लहानपणी माळावर पाहिलेलं डेझीचं रोपटं उगवलं, आणि ते दरवर्षी बी धरून जपण्याची त्यांनी धडपड केली. १८२० मध्ये त्यांच्या पुढाकारानं कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था स्थापन झाली. रॉक्सबर्गशी मैत्री याच ओढीतून जुळली. रॉक्सबर्ग इंग्लंडला परतले आणि १८१५ मध्ये वारले. त्यांची ‘फ्लोरा इंडिका’ हस्तलिखितातच राहिली होती. ती कॅरेंनी संपादून श्रीरामपूरला छापली, पहिले भाग १८२० आणि १८२४ मध्ये, संपूर्ण तीन खंड १८३२ मध्ये. आंबा घाटाच्या आणि उदगिरीच्या रानातल्या कितीतरी झाडांची शास्त्रीय वर्णनं त्या खंडांत आहेत. या लेखमालेत पुढे ती पुन्हापुन्हा लागतील.

९ जून १८३४ ला कॅरे वारले. कॉलेजात जवळजवळ तीस वर्षं मोठा पगार घेतलेल्या या माणसाकडे मागे ठेवायला फारसं नव्हतं. कमाई मिशनच्या सामायिक तिजोरीत गेली होती. मृत्युपत्रात त्यांनी श्रीरामपूरच्या इमारतींवर आपला काहीही हक्क नाही, असं लिहिलं, आणि आपली पुस्तकं विकून येणाऱ्या रकमेतून दीड हजार रुपये जेबेझला द्यावेत, असं सांगितलं. फेलिक्स आणि विल्यम या मुलांना तेवढी रक्कम आधीच देऊन झाली होती. आईच्या कुशीत महिन्याभराचा असताना जहाजावर चढलेल्या मुलाचा वाटा तेवढा बाकी राहिला होता.

(पुढच्या भागात : रॉक्सबर्ग आणि कलकत्त्याच्या उद्यानातले भारतीय चित्रकार)