संगणकाची स्मृति आणि भागधारकांचा वाद

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय, असें सर्वजण म्हणतात. परंतु या मेंदूला एकट्यानें कांहींच करतां येत नाहीं. त्याला लागणारे आंकडे व सूचना ज्या चिपांत तात्पुरत्या ठेवलेल्या असतात, त्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची, त्याला क्षणोक्षणीं गरज पडते. कारकून कितीही कुशल असला, तरी कपाटांतून वह्या आणून देणारा शिपाई मंद असेल, तर कारकुनाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यांतच जावयाचा. १९९० नंतरच्या दशकांत संगणकाचें नेमकें हेंच झालें. प्रोसेसरचा वेग भराभर वाढला. स्मृतीचा वेग मागें राहिला. हें अंतर कसें भरून काढावें, यावरून एक वाद उद्भवला, आणि तो प्रयोगशाळेंतून थेट शेअरबाजारांत जाऊन पोहोंचला.

वादाची एक बाजू होती रॅम्बस या अमेरिकन कंपनीची. माइक फार्मवॉल्ड व मार्क होरोविट्झ या तज्ज्ञांनीं ती १९९० सालीं स्थापन केली. ही कंपनी स्वतः चिपा बनवीत नसे. नवी रचना शोधावी, तिचीं पेटंटें घ्यावीं आणि ती वापरणाऱ्या कारखान्यांकडून स्वामित्वधन घ्यावें, हा तिचा व्यवसाय. प्रचलित स्मृतीचा मार्ग ६४ तारांचा, रुंद, पण संथ होता. रॅम्बसनें तो अवघ्या १६ तारांचा केला आणि त्यावरील वाहतूक अतिशय वेगवान केली. १९९९ सालीं या अरुंद मार्गानें सेकंदाला १.६ अब्ज बाइट माहिती जाऊं शकत असे. जुन्या रुंद मार्गाची मजल सुमारें १ अब्जापर्यंतच होती.

दुसऱ्या बाजूस स्मृतीच्या चिपा बनविणारे मोठे कारखाने होते. त्यांच्यापैकीं अनेकांनीं रॅम्बसचे परवाने घेतले होते खरे. पण त्यांचा ओढा डीडीआर या समाईक मानकाच्या रचनेकडे होता. तिच्यांत ६४ तारांचा जुना मार्ग तसाच ठेवून, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास एकदां जाणारी माहिती दोनदां पाठविली जाई. हा बदल अंगवळणी पडलेल्या पद्धतींत सहज बसणारा होता.

इंटेलनें १९९६ मध्यें रॅम्बसशीं करार केला, तेव्हां वादाचा निकाल लागला असें पुष्कळांना वाटलें. बहुसंख्य संगणकांत इंटेलचा प्रोसेसर असावयाचा. मग इंटेल जी स्मृति पत्करील तीच घरोघर जाणार, हा तर्क बिनतोड दिसत होता. शिवाय कारखाना नसलेल्या कंपनीला मिळणारें स्वामित्वधन म्हणजे जवळजवळ निव्वळ नफाच. मे १९९७ मध्यें १२ डॉलरला विक्रीस काढलेला शेअर २००० सालीं ४०० डॉलरांच्या वर गेला.

विरोधकांचे आक्षेप रुक्ष होते. रॅम्बसची चिप आकारानें मोठी, म्हणून महाग, ती तापते, तिच्या परीक्षेस नवीं यंत्रें लागतात, माहितीचा ओघ मोठा असला तरी पहिला थेंब हातीं येण्यास विलंब होतो, आणि नेहमींच्या कामांत दाम दुप्पट दिल्याचें समाधान मिळत नाहीं. उत्साहाच्या भरांत हे आक्षेप फारसे कोणीं मनावर घेतले नाहींत.

पुढें घटनाच बोलूं लागल्या. सप्टेंबर १९९९ मध्यें, ऐन वेळीं दोष आढळल्यामुळें, रॅम्बसच्या स्मृतीवर चालणारा इंटेलचा ८२० हा चिपसंच लांबणीवर पडला. जुनी स्मृति त्याला जोडतां यावी म्हणून केलेली दुभाषी चिपही सदोष निघाली, आणि मे २००० मध्यें ती परत घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पेंटियम ४ आला तो केवळ रॅम्बसच्या स्मृतीसह. किंमत पाहून गिऱ्हाईक बिचकलें. २००१ मध्यें इंटेलनेंच स्वस्त, जुन्या स्मृतीची सोय केली. पाठोपाठ डीडीआरही स्वीकारलें. मध्यंतरीं रॅम्बसच्या एका शेअराचे चार झाले होते. असा एक शेअर २००१ च्या अखेरीस १० डॉलरांच्याही खालीं होता.

तथापि विरोधकांचें सारेंच खरें ठरलें असें नाहीं. प्रतिस्पर्ध्यांच्या चिपांतही आपलींच पेटंटें वापरलीं आहेत, असा दावा रॅम्बसनें मांडला. जून २००० मध्यें तोशिबानें तिच्याशीं करार केला. इतर कांहीं कंपन्या न्यायालयांत गेल्या. मे २००१ मध्यें व्हर्जिनियांतील ज्यूरीनें रॅम्बसला फसवणुकीबद्दल दोषी ठरविलें; जानेवारी २००३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला. म्हणजे जिची रचना घरगुती संगणकांत हरली, ती कंपनी विजयी रचनेवर हक्क सांगून टिकून राहिली! हा शेवट दोन्ही पक्षांपैकीं क्वचितच कोणाच्या हिशेबांत होता.

या प्रकरणांत तीन निरनिराळे प्रश्न एकांत मिसळले होते. रचना चांगली आहे काय, याचें उत्तर अभियंता देतो. ती बनविणारे व विकत घेणारे तिला पत्करतील काय, याचें उत्तर कारखाना आणि दुकान देतें. शेअर आजच्या भावानें घेण्याजोगा आहे काय, हा तिसरा प्रश्न ज्याचा त्यानें आपली पुंजी समोर ठेवून सोडवावयाचा असतो. पहिल्याचें उत्तर “होय” मिळालें म्हणून उरलेल्या दोहोंचेंही मिळालें असें ज्यांनीं धरलें, आणि ४०० डॉलर मोजले, त्यांना सेकंदाला १.६ अब्ज बाइटांचा वेग कांहींच परत देऊं शकला नाहीं.